रोलर फाटल्याची थाप

चि.स अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं ‘हो काका, हो काका’ करतोस आणि ऐकत काहीच नाहीस. म्हणून कागद घेऊन बसलो.

मला समजलं ते असं. मुलगा आपल्यातला, मुलगी मुसलमान. दोघं १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करणार आणि शंभर पत्रिका छापायला तुझ्याकडे आले. तू म्हणालास, गळ्यात माळ आहे, हे काम माझ्याच्यानं होणार नाही. मुलगी म्हणाली, तक्रार करते. आता तू विचारतोस, दुकान माझं, मग कुणाचं काम घ्यायचं हे मी ठरवायचं नाही का? वर अमेरिकेतल्या केकवाल्याचा व्हिडिओ पाठवलास, तो कोर्टात जिंकला म्हणून.

आधी माझी एक गोष्ट ऐक. तुझ्या वडिलांनाही मी ती कधी सांगितलेली नाही.

१४ जानेवारी १९९४, ऐन संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडून नामविस्तार झाला. अंबाजोगाईत तेव्हा माझं ट्रेडल, म्हणजे जुनं छपाईचं मशीन होतं. दोन दिवसांनी चार दलित पोरं मिरवणुकीचं पत्रक घेऊन आली. एक पान, हजार प्रती. मजकुरात कुणाला शिवी नाही, टोमणा नाही, नुसता आनंद. मी म्हणालो, रोलर फाटलाय, आठ दिवस मशीन बंद. खरं कारण भीती. बाजारातल्या ज्यांची बिलबुकं मी छापायचो ते काय म्हणतील, याची. संध्याकाळी त्यांच्यातल्याच एकाची बिलबुकं मशीनवर चढवली. ट्रेडलचा आवाज तुला माहीत नाही, तो चार घरं पलीकडे जातो. त्या पोरांपैकी एक जण रस्त्यानं चालला होता, तो दारात थांबला. “काका, मशीन तर चालायलंय की,” एवढंच म्हणाला आणि गेला. पत्रकं त्यांनी परळीहून छापून आणली.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो की मी राजकारणाचा मजकूर परत पाठवला, माणसं नाही. पण नामांतराला विरोध करणारी पत्रकं त्याच मशीनवर मीच छापली होती. दोन्ही बाजूंना ‘असली कामं घेत नाही’ म्हणालो असतो तर मला आज तोंड वर करून बोलता आलं असतं.

ती पोरं पोलीस ठाण्यात गेली असती तर काय झालं असतं, हे मला फार उशिरा कळलं. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. इतरांना देतो तीच सेवा, त्याच अटींवर, अस्पृश्यतेच्या कारणानं नाकारली तर एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. (दंडाचा आकडा वाचून हसू नकोस. तुझ्या एका फ्लेक्सलाही त्याहून जास्त पडतात. कैद मात्र कैदच असते.) त्यात आणखी एक कलम आहे: नाकारलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कारण अस्पृश्यतेचंच होतं असं कोर्ट धरून चालतं, आणि तसं नव्हतं हे दुकानदारानं सिद्ध करायचं. म्हणजे रोलर फाटल्याचा पुरावा मी आणायचा होता. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा तर याहून कडक.

तुझ्या प्रकरणात जातीचा प्रश्न नाही, धर्माचा आहे. तिथं असा शिक्षा सांगणारा कायदा सापडत नाही, हे तुला कुणी सांगितलं असेल तर ते बरोबर आहे. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस. राज्यघटनेचं कलम १५ काढ आणि त्याचा दुसरा भाग वाच. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, एवढ्याच कारणावरून कुणालाही दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांत मज्जाव करता येत नाही. मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात असं आपण ऐकत आलो, पण हा भाग थेट तुझ्यामाझ्यासारख्यांना लागतो. दाद मागायची तर ती संभाजीनगरला खंडपीठात जाऊ शकते.

तू म्हणशील, मी त्यांना आत येऊ दिलं, चहासुद्धा विचारला. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत ‘दुकान’ या शब्दावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं होतं की हा शब्द नुसत्या आत येण्यापुरता नाही. जो कुणी सेवा देतो तो त्यात आला, आणि अटी मान्य असतील तर ती सेवाही मिळाली पाहिजे. त्याच कलमात दुकानाच्या शेजारी विहिरी आणि तलाव आहेत. १९३४ साली वेरूळला निघालेल्या त्यांच्या मंडळींनी दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून केवढा गोंधळ झाला होता. शेवटी किल्ला पाहू दिला तो सोबत शिपाई देऊन, पाण्याला कुठंही हात लावायचा नाही या अटीवर. तलाव हा शब्द तिथं उगाच आलेला नाही असं मला नेहमी वाटतं.

आणि तुझी माळ? कलम २५ तुझ्या श्रद्धेला जपतं, पण त्याची सुरुवातच अशी आहे की सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या या भागातल्या बाकीच्या तरतुदी सांभाळून. कलम १५ त्या बाकीच्यांतच येतं.

आता तुझा केकवाला. समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणाऱ्या कोलोरॅडोतल्या त्या बेकरीवाल्याच्या बाजूनं २०१८ मध्ये निकाल लागला, हे खरं. पण तो लागला तिथल्या नागरी हक्क आयोगानं त्याच्या धर्माबद्दल आकस दाखवला म्हणून. धर्माच्या नावावर गिऱ्हाईक परत पाठवायची मोकळीक कोर्टानं दिली नाही. उलट १९६८ साली साउथ कॅरोलिनातला एक बार्बेक्यूवाला म्हणत होता की काळ्यांना बसवून जेवू घालणं माझ्या धर्मात बसत नाही, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो बचाव अगदीच पोकळ ठरवला. तुझ्या धंद्याच्या जवळचा खटला बेलफास्टचा आहे. समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी ओळ केकवर लिहायला एका बेकरीनं नकार दिला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच बेकरीची बाजू घेतली, कारण तिचा आक्षेप ओळीला होता. ती ओळ घेऊन कुणीही आलं असतं तरी बेकरीनं नाहीच म्हटलं असतं.

हे तुला पटतं ना? मलाही पटतं. बियर बारचा फ्लेक्स तू करत नाहीस. तुझ्या सख्ख्या मामानं बार काढला तरी करणार नाहीस, हे मला माहीत आहे. तिथं तुझी माळ खरी आहे. एखाद्या देवाला शिव्या घालणारा मजकूर आणला तर तो कुणाचाही असो, खुशाल परत कर. पण बकऱ्याच्या मटणाच्या थाळीचा फ्लेक्स एका हॉटेलाला करून दिलास आणि बिर्याणीवाल्याला ‘मी माळकरी’ म्हणालास, तर मग तो १९९४ चा रोलरच.

त्या पत्रिकेत काय होतं ते एकदा आठव. दोन नावं, आईवडिलांची नावं, तारीख, जागा, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. यातली एकेक ओळ तू रोज जुळवतोस. निकाहच्या पत्रिकाही करतोस, ७८६ चा ब्लॉक तुझ्या कॉम्प्युटरमध्ये गणपतीच्या शेजारीच पडलेला मी पाहिलाय. मग त्या कागदावर नवीन काय होतं? फक्त ही दोन नावं एकाखाली एक आली एवढंच. वकील म्हणतील, हा धर्मावरून भेदभाव की लग्नाच्या प्रकाराला नकार, आणि यावर दोन तास भांडतील. मला विचारशील तर तू मजकूर नाकारला नाहीस. एकनाथ महाराजांची गोष्ट मी तुला सांगत बसत नाही, कीर्तनं तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलीस.

मला वेगळाच संशय आहे. मुलाच्या भावकीतलं कुणी आधी येऊन गेलं का? तसं असेल तर जास्त सांभाळ. भावकीनं ठरवून त्याच्याशी व्यवहार तोडले आणि तू त्यात सामील झालास, तर सामाजिक बहिष्काराचा राज्याचा कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. कुणी दमदाटी केली तर दुकानात एकटा बोलू नकोस, मला बोलव.

कोणती कामं घेत नाहीस त्याची पाटी लाव: दारू, तंबाखू, कुणाच्या देवाधर्माची निंदा. पाटीवर माणसांचे प्रकार लिहायचे नाहीत. आणि त्या मुलीला आजच फोन कर. चुकलं म्हण. माळेचं पुराण लावू नकोस. कदाचित ती आता दुसरीकडे गेली असेल, माझी पोरं परळीला गेली तशी. आली तर पत्रिकेच्या माथ्यावर काय घ्यायचं ते त्यांनाच विचार, काहीच नको म्हणाले तर जागा कोरी सोड. दर नेहमीचाच लाव, सूटही नको. उर्दू नावाची जुळणी करशील तेव्हा मुलीच्या वडिलांकडून प्रूफ तपासून घे, नुक्ते चुकतात.

तुझा,
काका