कुंदा बाधतो, दही नाही

प्रश्न : दूध प्यालं किंवा कुंदा खाल्ला की तासाभरात पोट फुगतं, जुलाब होतात. दही-भाकरी मात्र पचते. ही अॅलर्जी आहे का? (खानापूर)

उत्तर : बहुधा नाही. अॅलर्जीत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, धाप लागते. तुमची लक्षणं दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचल्याची वाटतात. ती फोडणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लहान आतड्यात कमी पडलं की साखर मोठ्या आतड्यात जाते. तिथं जिवाणू तिचा वायू करतात, पाणीही ओढलं जातं. दही विरजताना थोडं लॅक्टोज संपतं, उरलेलं पचवायला त्यातले जिवाणू मदत करतात. कुंद्यात दूध आटवलेलं, म्हणून घासागणिक लॅक्टोज जास्त. उकळून ते जात नाही!

दोन आठवडे दूध, पेढे, कुंदा, आइस्क्रीम बंद ठेवा. आराम पडला तर जेवणासोबत अर्धा कप दुधापासून पुन्हा सुरू करा. कपभर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. एवढं अनेकांना सोसतं. चहातल्या चमचाभर दुधाची धास्ती नको, तूपही चालतं. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आहेच.

शौचातून रक्त, वजन घटणं, रात्री जुलाबानं जाग येणं : यातलं काहीही असेल तर प्रयोग नकोत, थेट डॉक्टरांकडे जा.