डिफर झालेल्या मुलीला आधी रडू द्या

डिसेंबर अर्धा सरला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून मला एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. "ताई, नकार नाही आला, पण होकारही नाही. डिफर केलंय. आता मुलीशी बोलायचं तरी काय?"

ज्यांच्या घरी हे अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'अर्ली डिसिजन'मध्ये मूल एकाच कॉलेजला, बहुधा 1 नोव्हेंबरपर्यंत, अर्ज करतं आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं लिहून देतं. त्यावर आईवडिलांची आणि शाळेतल्या काउन्सेलरचीही सही असते. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. डिफर केलं म्हणजे अर्ज फेटाळलेला नसतो. तो नेहमीच्या अर्जांत जातो आणि त्याचा निर्णय मार्चअखेरीच्या सुमारास कळतो.

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका बारावीतल्या मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिल्या भेटीत बोलले ते वडीलच. "नक्की कुठे कमी पडली ते कळलं असतं तर सुधारता आलं असतं." हे वाक्य मी कितीतरी वडिलांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते कुठून येतं हेही मला माहीत आहे. आपल्या पिढीला बारावीचे पीसीएमचे गुण, भिंतीवरची यादी आणि कट-ऑफ ठाऊक. अर्ध्या गुणाने प्रवेश हुकला तरी तो अर्धा गुण दिसायचा. इथे आकडाच नसतो. निबंध, शिफारसपत्रं, शाळा, त्या वर्षी कॉलेजला कशी मुलं हवीत, असं सगळं मिळून ठरतं आणि कारण कुणी कळवत नाही. मग घरातले तो हरवलेला अर्धा गुण मुलीतच शोधत बसतात.

मुलगी स्वेटशर्टच्या बाह्या तळव्यांवर ओढून गप्प बसली होती. बाकीच्या कॉलेजांच्या मुदती जानेवारीच्या सुरुवातीला संपत होत्या आणि तिचा एकही निबंध धड झालेला नव्हता. आई हळूच म्हणाली, "आधीच दुसरे अर्ज भरले तर नाट लागेल, असं मलाच वाटत होतं." ही भीती पुष्कळ घरांत असते, फक्त बोलून कुणी दाखवत नाही. म्हणून मी दरवर्षी सांगते, बाकीचे निबंध नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत उरका. दुखऱ्या मनाने, नाताळच्या सुटीत ते लिहिणं फार अवघड जातं.

पुढच्या एका भेटीत माय-लेकीच होत्या. मुलगी एकदम म्हणाली, "मावशी, नाहीच म्हटलं असतं तर बरं झालं असतं."

"का गं?"

"रडून मोकळी झाले असते."

"मग आता रडायला कोण अडवतंय?"

आईकडे न बघता ती म्हणाली, "रडले की आई म्हणते, अगं, अजून मार्च आहे ना."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही रडली की वाटतं, हिने हातपाय गाळले. म्हणून मी हिला सारखी धीर देत राहिले."

मी मुलीला विचारलं, "डिसेंबरात होकार येईल असं धरून काय काय ठरवलं होतंस?" तिने सांगितलं. त्या कॉलेजचा स्वेटशर्ट घ्यायचा. सुटीत सांगलीला आजीकडे जायचं आणि फोनवर न सांगता समोर बसून सांगायचं. "मार्चमध्ये हो आलं तरी ते आता होणार नाही," असं म्हणताना तिचा बांध फुटला. आईचा हात पुढे झाला, पण तिने तो आवरला. टिश्यूचा खोका मुलीच्या हाताशी सरकवला आणि नुसती शेजारी बसून राहिली.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराच्या वाटेने काम करते. हवं ते हुकल्याचं दुःख निरोगी असतं असं ते मानत. माणूस खचतो तो 'हे मला मिळायलाच हवं होतं, नाही म्हणजे मी कुचकामी' या हट्टाने. या मायलेकींसमोर बसल्यावर मला त्यापुढचं एक दिसलं. घरातली आशाही सक्तीची होऊ शकते. डिफर झालेल्या मुलाचं काहीतरी खरोखर गेलेलं असतं, पण घर त्याला 'काही गेलेलं नाही' असं बजावत राहतं. मग ते धड रडतही नाही आणि पुढच्या कामालाही लागत नाही. हे मी नंतर अनेक घरांत ताडून पाहिलंय आणि प्रत्येक वेळी पटलंय. त्या डिसेंबरचं दुःख करू दिलं की मार्चची वाट बघायला मुलात बळ येतं. ही मुलगी त्याच आठवड्यात निबंधांना बसली.

आता कामाचं. डिफर झाल्यावर 'तिथेच जाईन' हे बंधन सुटतं. मूल कुठेही अर्ज करायला मोकळं असतं, आणि हे कित्येक पालकांना माहीतच नसतं. कॉलेजने कळवलेलं नीट वाचा. काहींना नवी माहिती हवी असते, काही स्पष्ट सांगतात की काही पाठवू नका. पत्र चालत असेल तर एकच, छोटं, मुलानेच लिहिलेलं, नोव्हेंबरनंतर काय नवं घडलं ते सांगणारं पाठवावं. पहिल्या सत्राचे गुण शाळेतल्या काउन्सेलरकडून जातात, ते गेले का एवढं विचारा. ओळखीच्या माजी विद्यार्थ्यांकडून फोन करवू नका. 'अर्ली डिसिजन टू'चा, म्हणजे त्याच पद्धतीच्या दुसऱ्या फेरीचा अर्जही तितकाच बांधून घेणारा असतो, तो दुखावलेल्या अवस्थेत रातोरात भरू नका. मंडळातल्या आणि भारतातल्या चौकशांना उत्तर देण्याचं काम आईवडिलांपैकी एकाने अंगावर घ्यावं, मुलाच्या हाती फोन देऊ नये.

त्या मुलीला मार्चमध्ये तिथून नकारच आला. ती पुन्हा रडली. आलेल्या दोन होकारांतून तिने 1 मेच्या आत एक निवडला.

मूल दोन आठवड्यांनंतरही धड झोपत-जेवत नसेल तर मार्चची वाट न बघता समुपदेशकाकडे घेऊन जा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर तेवढंही थांबू नका. अमेरिकेत 988 या मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनवर दिवसरात्र कधीही फोन करता येतो, मेसेजही चालतो.