ताडोबा सफारीसाठी वजनाला हलका झूम कॅमेरा कोणता घ्यावा? (मुंबईत राहतो, मे महिन्यात जाणार आहे)

ब्रिज कॅमेराच बघा, म्हणजे मोठ्या झूमची लेन्स कायमची जोडलेला कॅमेरा. लेन्स बदलायची भानगड नाही, त्यामुळे जिप्सीमागे उडणारी धूळ सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) बसत नाही.

कॅनन एसएक्स७० एचएस जेमतेम ६१० ग्रॅमचा, झूम १३६५ मिमीपर्यंत. ऐकायला भारी! पण सेन्सर नखाएवढा आणि पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) एफ/६.५; हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. भल्या सकाळी बांबूच्या सावलीत वाघ बसलेला असला की आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) चढतो आणि पट्टे रंग फासल्यासारखे दिसतात. सोनी आरएक्स१० मार्क ४ चा सेन्सर एक इंची, ६०० मिमीलाही एफ/४. वजन साधारण १.१ किलो, किंमतही सणसणीत. तरी मी हाच घेईन, सेकंडहँड का होईना. ताडोबात वाघ पुष्कळदा रस्त्यावरच येतो, तिथे ६०० पुरतं. दूरचे पक्षीच टिपायचे असतील तर गोष्ट वेगळी.

मोबाइलवर भागवू म्हणाल, तर तो सफारीत नेऊच देत नाहीत.

ट्रायपॉड नको. कॅमेरा टेकवायला तांदळाची छोटी पिशवी जिप्सीच्या दांड्यावर ठेवा, ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा. आणि निघण्याआधी खिडकीतून घिरट्या घालणाऱ्या घारींवर हात बसवून घ्या.