'गनस्मोक' ही अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिका २० वर्षं चालली, तर सुरुवातीचे कलाकार शेवटपर्यंत टिकले का?

दोघंच टिकले. मार्शल, म्हणजे गावचा कायदा सांभाळणारा अधिकारी, मॅट डिलन झालेला जेम्स आर्नेस आणि डॉक अ‍ॅडम्स झालेला मिलबर्न स्टोन. सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १९५५ ते १९७५ या काळात मालिकेचे ६३५ भाग झाले. स्टोन १९७१ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने आजारी पडला, तेव्हा काही भागांपुरता पॅट हिंगल दुसरा डॉक्टर म्हणून आला. पण स्टोन बरा होऊन परतला. माझ्या मते अख्ख्या संचात अभिनयात तोच सरस होता, आणि १९६८ मध्ये त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला.

गुत्त्याची मालकीण मिस किटी, म्हणजे अमांडा ब्लेक, १९७४ मध्ये बाहेर पडली. शेवटच्या सीझनमध्ये गुत्त्यावर फ्रॅन रायनची हॅना दिसते. इतकी वर्षं मॅट-किटीचं लग्न काही लागलं नाही ते नाहीच!

सगळ्यात गंमत मार्शलचा मदतनीस चेस्टर याची. डेनिस वीव्हरचा चेस्टर एक पाय ताठ ठेवून लंगडत चालतो. खरा वीव्हर मात्र पट्टीचा धावपटू. १९४८ च्या ऑलिंपिकसाठीच्या अमेरिकन निवड चाचणीत तो डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दहा खेळांच्या स्पर्धेत, सहावा आला होता. जोडीदार इतका धडधाकट असेल तर मारामारीत मागे का राहतो, असं प्रेक्षकांना वाटायला नको, म्हणून त्याच्यात काहीतरी उणं हवं होतं. लंगडण्याची युक्ती वीव्हरनेच काढली. आणि त्याच्या शेजारी उभा असलेला सहा फूट सात इंचांचा आर्नेस? त्याचा पाय खरोखरच अधू होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इटलीतल्या आन्झिओला त्याच्या उजव्या पायात मशीनगनच्या गोळ्या घुसल्या होत्या. ते दुखणं जन्मभर राहिलं, दिवस चढेल तसं वाढायचं, म्हणून घोडेस्वारीचे प्रसंग शक्यतो सकाळी उरकून घेत. म्हणजे लंगडणारा धडधाकट आणि रुबाबात चालणारा जखमी! हे कळल्यापासून त्या दोघांचे एकत्र प्रसंग मी निराळ्याच नजरेने बघतो.

वीव्हर १९६४ मध्ये मालिका सोडून गेला. चेस्टर कुठे गेला याचा धड खुलासाही लेखकांनी केला नाही. त्याची जागा फेस्टसने घेतली. दाढीचे खुंट वाढवलेला, अडाणी बोलणारा हा गडी साकारणारा केन कर्टिस मुळात गोड गळ्याचा गायक, टॉमी डॉर्सी या अमेरिकन संगीतकाराच्या वाद्यवृंदातला. शिवाय काही काळ दिग्दर्शक जॉन फोर्डचा जावई. फेस्टस आणि डॉक यांची सततची खडाजंगी ही नंतरच्या वर्षांची खरी जान आहे.

बर्ट रेनॉल्ड्सही १९६२ ते १९६५ क्विंट नावाचा लोहार होता; पुढे तो कुठल्या कुठे पोचला. पाहुण्या कलाकारांत बेट्टी डेव्हिस, चार्ल्स ब्रॉन्सन, लिओनार्ड निमॉय, लहानगी जोडी फॉस्टर, आणि तेव्हा कुणाला फारसा ठाऊक नसलेला हॅरिसन फोर्ड अशी नावं आहेत.

पाहायला सुरुवात करणार असाल तर १९६१ च्या आधीचे अर्ध्या तासाचे कृष्णधवल भाग घ्या. पुढे भाग तासाचे झाले, आणि नंतर नंतर गोष्ट पाहुण्यांचीच होत गेली. काही भागांत तर मार्शलसाहेब तोंड दाखवून जातात.