मॉडेल रेल्वेचे रूळ घरी हाताने तयार करता येतात का, आणि ते विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतात का?

करता येतात, मात्र निव्वळ पैसे वाचवण्यासाठी या फंदात पडू नये, कारण हत्यारे आणि सुरुवातीला वाया जाणारे साहित्य धरले तर बचत नाममात्रच उरते. आपल्याला हवी ती लाइन बाजारात मिळत नसेल, तर मात्र हा खटाटोप करण्यासारखा आहे.

मी दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो आणि आमच्या शकुंतलेची, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेजची, प्रतिकृती करतो आहे. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, 762 मिलिमीटर. 1:87 या प्रमाणात तो 8.76 येतो, म्हणून मी 9 मिलिमीटर धरला. या गेजचे सहज मिळणारे तयार रूळ 1:160 च्या हिशोबाचे असतात. त्यांचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, इतके बारीक आणि दाट, की गवतात बुडालेली आमची लाइन त्यांत ओळखूच येत नाही.

दर पाचवा स्लीपर मी तांबे चढवलेल्या कोऱ्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाच्या) पट्टीचा ठेवतो आणि मधले चार सुताराकडे पडलेल्या सागाच्या चिरफळ्यांचे, तेवढ्याच जाडीचे करून, फेविकॉलने चिकटवतो. रूळ निकेल सिल्व्हरचे, कोड 55 म्हणजे सुमारे 1.4 मिलिमीटर उंचीचे. ते फक्त पीसीबीवर सोल्डर होतात. पट्टीवरचे तांबे मधोमध कानशीने तोडावेच लागते, नाहीतर गाडीला वीज पुरवणारे दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होतो. माझ्या पहिल्या तुकड्यात एका खाचेत केसाएवढा तांब्याचा धागा राहिला होता आणि तो भिंगाखाली सापडेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या. आता रूळ लावण्याआधीच मी प्रत्येक पट्टी मल्टिमीटरने तपासतो.

गेज नेमका राहावा म्हणून तालुक्याच्या लेथवाल्याकडून पितळेच्या दांडीवर दोन खाचा पाडून घेतल्या. सोल्डर थंड होईपर्यंत ती दांडी रुळांवरून हलवायची नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करून मीटरभर रुळामागे अर्धा मिलिमीटर फट सोडावी.

पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा, मात्र लगेच करायला घेऊ नये. आधी फूटभर सरळ रूळ करावा, त्यावरून एक वॅगन बोटाने ढकलून पाहावी, आणि ती कुठेही न अडखळता गेली, तरच पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात तिथला, म्हणजे क्रॉसिंगचा, व्ही आकाराचा तुकडा घासायला कानस हाती घ्यावी.