टक्का नंतर ठरवा, आधी रात्री साडेनऊला कोण येणार ते सांगा

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. लातूर, उदगीर, नांदेडकडची तुम्ही पंधरा-वीस पोरं ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये लो-सेकच्या, म्हणजे पोलिसांचं संरक्षण कमी असलेल्या भागाच्या, एका कोपऱ्यात जाऊन बसलात. तिथल्या चार ग्रहांची जुनी कस्टम्स ऑफिसं, म्हणजे ग्रहाचा माल आत-बाहेर होतो ती नाकी, पाडून आपली लावलीत, एका चंद्रावर अथेनॉर, म्हणजे चंद्र खोदायचा तळ, उभी केलीत. त्या ग्रहांवर आधीपासून धंदा करणारे बाहेरचे लोक आहेत आणि त्यांच्याकडून किती टॅक्स घ्यायचा यावर तुमच्यात जुंपलीय. निम्मे वीस टक्के म्हणायलेत, निम्मे पाच. त्यात एकाचं म्हणणं, आपल्या सिस्टिममधल्या बेल्टवर, म्हणजे खोदायच्या दगडांच्या पट्ट्यात, परका माणूस खोदताना दिसला की त्यालाही दंड लावायचा.

माझं उत्तर: बाहेरच्याला सहा-सात टक्के, आपल्या पोरांना शून्य, आणि ते दंडाचं डोक्यातून काढून टाका. आता कारणं.

कस्टम्स ऑफिसचा टॅक्स गेम स्वतः कापून देतो. ग्रहावरून माल उचलला की मालकाच्या वॉलेटमध्ये पैसे जमा, कोणाच्या मागे लागायची गरज नाही. म्हणून नव्या लोकांना वाटतं की हा फुकटचा पैसा आहे, मग टक्का वाढवला की पैसाही वाढणार. इथेच गणित फसतं. हा टॅक्स बाजारभावावर लागत नाही, गेमने मालाची जी पायाभूत किंमत धरलेली आहे तिच्यावर लागतो. पी-टू, म्हणजे दुसऱ्या पायरीचा तयार माल घ्या. त्याची धरलेली किंमत नगाला ७,२०० इस्क (गेममधलं चलन). वीस टक्के लावले तर बाहेर काढताना नगामागे १,४४० गेले. बाजारात तो नग ६,००० ला जायला लागला, की तुमचे वीस टक्के त्या माणसाला चोवीस टक्के पडतात. शिवाय तो पी-वन, म्हणजे पहिल्या पायरीचा माल ग्रहावर आणून त्याचा पी-टू करत असेल तर आत आणतानाही निम्म्या दराने टॅक्स भरतोय. तो बसून हिशोब करतो. ग्रहांचा धंदा करणारी माणसं तशी कंजूषच असतात, एकेका इस्कचा तक्ता ठेवतात. परवडेना झालं की ग्रहावरचा आपला तळ, कमांड सेंटर, मोडून चार सिस्टिम पलीकडे नवं लावतात. त्याला लागतं काय, एक संध्याकाळ. तुमच्या वीस टक्क्यांना मग भरणाराच उरत नाही.

आणि वाईट म्हणजे तो जाताना गप्प जात नाही. कुठल्या सिस्टिममध्ये कोणी किती टॅक्स लावलाय, ऑफिसाचा मालक किती बारका आहे, हे तो दुसऱ्या कोणालातरी सांगतो. ते दुसरे लोक मग तुमची ऑफिसं पाडायला येतात. सहा टक्क्यांच्या ऑफिसाकडे बघायला कोणाला वेळ नसतो. वीस टक्क्यांचं ऑफिस पाडलं तर पाडणाऱ्याला तिथल्या लोकांचे आशीर्वादही मिळतात, आणि दहा टक्के लावूनही तो भला ठरतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण ईव्हमधलं नाही, कोरियातलं आहे. २००४ साली लिनेज टू या गेमच्या बार्त्झ नावाच्या सर्व्हरवर डीके म्हणजे ड्रॅगन नाइट्स या क्लॅनची, म्हणजे खेळाडूंच्या टोळीची, सत्ता होती. त्या गेममध्ये किल्ला ज्याच्या ताब्यात, तो आसपासच्या दुकानांवरचा टॅक्स ठरवतो. डीकेने चांगल्या शिकारीच्या जागा आपल्या माणसांसाठी अडवल्या आणि टॅक्स दहावरून पंधरा टक्क्यांवर नेला. रेड रिव्होल्यूशन नावाच्या क्लॅनने अचानक गिरानचा किल्ला घेतला आणि पहिली घोषणा काय केली, तर टॅक्स शून्य. मग अंगावर धड चिलखतही नसलेले खालच्या लेव्हलचे खेळाडू झुंडीने लढायला आले. लोक त्यांना चड्डी-बनियनवाल्यांची फौज म्हणायचे. एकेकटा माणूस डीकेच्या एका फटक्यात मरायचा, पण असे शेकडो अंगावर आले की बलाढ्य खेळाडूचाही श्वास कोंडतो. पुढे जिंकलेल्यांचं आपसात वाटणीवरून फाटलं, डीके परत उठले, ते सगळं लांबतच गेलं. तुमच्यासाठी कामाची गोष्ट एवढीच की ती माणसं पाच टक्क्यांच्या फरकासाठी मरायला आली नव्हती. जागा अडवून वर टॅक्सही वाढवला, या दोन गोष्टी एकत्र झाल्यामुळे आली होती. तुमच्यातला जो बेल्टवर दंड लावा म्हणतो, तो नेमकं हेच करायला सांगतोय.

दंडाबद्दल. ईव्हच्या हाय-सेकमध्ये, म्हणजे कडक पहाऱ्याच्या भागात, हा प्रकार आधी झालेला आहे. न्यू ऑर्डर नावाच्या टोळीने खोदकाम करणाऱ्यांना वर्षाला एक कोटी इस्कचा परवाना घ्यायला सांगितलं. परवाना नसेल तर स्वस्तातली कॅटलिस्ट जहाजं आणून तुमचं खोदायचं जहाज उडवायचे. कॉन्कॉर्ड, म्हणजे गेमचे पोलिस, त्यांची जहाजं लगेच उडवायचे, पण ते नुकसान धरूनच ते येत. त्यांच्या मालकीची ना तिथली जमीन होती, ना एखादं ऑफिस. आता विचार कर, हे परवडत कसं होतं? परवान्याच्या पैशावर नाही. बाहेरचे हौशी लोक दहा लाख इस्कला एक याप्रमाणे त्यांचे शेअर्स घ्यायचे, त्यावर जहाजं यायची. म्हणजे तो तमाशा होता आणि तिकीट प्रेक्षक काढत होते. तुमच्याकडे प्रेक्षक आहेत का? नाहीत. मग बेल्टवर रोज पहारा देणार कोण, आणि त्या पहारेकऱ्याने त्या तासात स्वतः खोदलं असतं तर दंडापेक्षा जास्त मिळालं नसतं का?

आता मुख्य मुद्दा, ज्यावर तुमच्या चर्चेत कोणी एक शब्द बोललेलं नाही. तो वेळेचा.

तुमचं ऑफिस कोणी मारायला घेतलं तर ते लगेच पडत नाही. आधी ढाल उतरते, मग ते रीइन्फोर्समध्ये जातं, म्हणजे टायमर लागून काही काळ त्याला कोणी मारू शकत नाही, आणि तुम्ही ठरवून ठेवलेल्या तासाच्या आसपास, एक-दोन दिवसांनी बाहेर येतं. खरी लढाई तेव्हा. ईव्हचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे. रोजचा डाउनटाइम अकराला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचार. युरोपवाले संध्याकाळी सहा ते नऊ यूटीसी या वेळात जमतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा ते अडीच. अमेरिकावाले जमतात तेव्हा आपल्याकडे पहाट उलटून सकाळ झालेली असते आणि तुमच्यातले अर्धे कॉलेजला, अर्धे ड्यूटीवर निघालेले असतात.

तू लिहिलंस की टायमरचा तास अजून कोणी बदललेलाच नाही. तो आधी सोळा यूटीसीवर आणा, म्हणजे रात्री साडेनऊ. जेवणं झालेली, पोरं जागी, आणि युरोपातला माणूस अजून ऑफिसमध्ये. हल्ला करणारा पहिला वार त्याच्या सोयीने करेल, शेवटचा तुमच्या वेळेला करावा लागेल. आणि त्या वेळेला तुमच्यातले किती जण खरोखर येतील ते आजच लिहून काढा. नावानिशी. लाइट गेली, तर मोबाइलच्या नेटवर कोण राहू शकतो, हेही लिहा. उन्हाळ्यात आपल्याकडे हा प्रश्न काय असतो ते तुला सांगायला नको. त्या यादीत आठ नावं निघाली तर तुमचा टक्का आठ माणसांच्या ताकदीचा. वीस टक्के लावायला चाळीस माणसं लागतात, आणि चाळीस माणसं असती तर तुम्ही चार ग्रहांवर समाधान मानलं नसतं.

टॅक्स घेणारा नुसता पाटी लावून घेत नाही, न देणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायची त्याची तयारी असावी लागते, हे आपल्या मुलखाला नव्याने सांगायची गरज नाही. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना १७१९ साली दिल्लीहून मिळाल्या. चौथाई पंचवीस टक्के, सरदेशमुखी दहा. कागद पक्का होता, पण निजाम ती वसुली सुखाने होऊ देईना. वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावाने त्याची पाण्यावाचून कोंडी केली, मग ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला आणि निजामाने हक्क मान्य केला. तरी संपलं का? १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली तीही थकलेल्या चौथाईवरूनच. कागद हातात असूनही वसुलीसाठी पिढ्यान् पिढ्या फौज न्यावी लागली. आणि मधल्या काळात रयतेची अवस्था काय, तर एकाच शेताचे पैसे इकडेही द्या आणि तिकडेही द्या.

ही दुसरी बाजू तुमच्यावरही येणार आहे. तू लिहिलंस की शेजारच्या मोठ्या अलायन्सने, म्हणजे अनेक गटांच्या युतीने, अजून काही म्हटलेलं नाही. म्हणेल. अथेनॉर दिसली की कोणीतरी त्यांचा माणूस चॅटमध्ये येऊन गोड बोलेल, मग महिन्याला एक आकडा सांगेल. तेव्हा ताठ होऊन ‘आम्ही कोणाला देत नाही’ असलं काही बोलू नका. आकडा ऐका, त्यात काय मिळणार ते विचारा. ते तुमच्या टायमरला येणार का, की फक्त स्वतः मारणार नाहीत? या दोन गोष्टींचा भाव एक नसतो. नुसतं न मारण्याचे पैसे मागत असतील तर घासाघीस करा आणि रोख देण्याऐवजी त्यांच्या लोकांना कस्टम्सवर शून्य टक्के द्या. स्टँडिंगप्रमाणे, म्हणजे कोण मित्र कोण परका त्यानुसार, वेगवेगळा दर लावायची सोय त्यासाठीच आहे. त्यांनाही रोज पैसे मागत बसण्यापेक्षा ते आवडतं.

चंद्राचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे मात्र गेम तुम्हाला काही कापून देत नाही. कॉर्पचा, म्हणजे तुमच्या गटाचा, टॅक्स शत्रू मारल्याच्या बाउंटीवर आणि मिशनच्या बक्षिसांवर लागतो, खोदलेल्या मालावर लागत नाही. ऑक्टोबर २०१७ च्या लाइफब्लड या अपडेटनंतर चंद्राचा तुकडा ओढून आणायचा, फोडायचा आणि माणसांनी जहाजं घेऊन खोदायचा असा कारभार झाला. कोणी किती खोदलं ते लेजरमध्ये, म्हणजे गेमच्या नोंदवहीत, दिसतं, पण पैसे तुम्हालाच मागावे लागतात. आठवडी बाजारात पावती फाडणाऱ्यासारखं एकेकाच्या पुढे जाऊन उभं राहावं लागतं, आणि काही जण नेमके तेव्हा दुसऱ्या अकाउंटवर गेलेले असतात. आधी मी ज्या कॉर्पमध्ये होतो तिथे लेजरची बिलं पाठवणारा माणूस तीन महिन्यांत वैतागून गेम सोडून गेला. कोणी पैसे बुडवले म्हणून नाही, प्रत्येकाशी तेच तेच बोलून.

म्हणून बिलं पाठवू नका. बायबॅक ठेवा: कॉर्प जिता या मुख्य बाजारपेठेतल्या भावाच्या नव्वद टक्क्यांनी माल जागेवर विकत घेणार. दहा टक्के तुमचे, वाहतुकीची कटकट खोदणाऱ्याची संपली, आणि मागायचं कोणालाच नाही. ज्याला स्वतः जिताला न्यायचा असेल त्याने खुशाल न्यावा. चार जण तसे निघतील, निघू द्या. बाहेरच्यांना चंद्रावर खोदू द्यायचं असेल तर फक्त ओळखीच्या एक-दोन टोळ्यांना द्या, आणि तेही शेवटच्या दिवशी. तुकडा फुटल्यावर माल साधारण दोनच दिवस टिकतो, तुमच्या पंधरा पोरांना सगळा उचलणं जमणार नाहीच.

कोणीतरी म्हणेल की मेटेनॉक्स यंत्र लावा, २०२४ पासून ते आपोआप चंद्र खोदतं, माणसंच नकोत. उत्पन्न कमी येतं, पण येतं. माझा विरोध उत्पन्नामुळे नाही. २०१७ च्या आधी चंद्र असेच आपोआप पैसे द्यायचे, आणि तेव्हा पैसा थेट वरच्या चार-पाच जणांच्या हातात जायचा. २०१२ ला उत्तरेतल्या मोठ्या अलायन्सनी टेक्नेशियम या चंद्रावरच्या मालाचा भाव ठरवायला ओटेक नावाचा कार्टेल काढला होता, तोही असल्याच चंद्रांवर. खाली लढणाऱ्या पोरांना त्या चंद्राची धूळसुद्धा दिसायची नाही. शेवटी गेम बनवणाऱ्या कंपनीनेच अल्केमी, म्हणजे टेक्नेशियमला पर्याय, आणून आणि पुढच्या वर्षी चंद्रांची फेरवाटणी करून तो खेळ मोडला. तुमची कॉर्प नवी आहे. रात्री साडेनऊला पोरांनी यावं असं वाटत असेल तर चंद्रावर त्यांचेच हात लागू द्या.

पैसा आला की आधी इंधन. अथेनॉरचं इंधन संपलं तर ती लो पॉवरमध्ये जाते, बचावाचा एक टप्पा कमी होतो, आणि सात दिवस तशीच राहिली तर बेवारस धरली जाते, मग कोणीही येऊन थेट पाडतो. हिशोबाच्या बाबतीत मोठमोठे लोकही झोपलेले आहेत. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-५-आर-बी या सिस्टिमचं सार्वभौमत्वाचं बिल भरायचं राहिलं. तेवढ्यावरून जी लढाई पेटली तिच्यात पंचाहत्तर टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं, गेले, डॉलरमध्ये हिशोब केला तर तीन लाखांच्या वर नुकसान. तुमच्याकडे टायटन नाही, पण बिल भरायचं काम ‘सगळ्यांचं’ ठेवू नका. दोघांना द्या, त्यातला एक तरी असा असावा ज्याला लढाईत रस नाही. उदगीरचा जो पोरगा सारखा स्प्रेडशीटच्या गोष्टी करतो म्हणालास, त्याला विचार. वॉलेटचे हक्क त्या दोघांनाच द्या, बाकीच्यांना फक्त बघायचे.

पाच टक्केवाल्यांना एक सांग, त्यांचंही पूर्ण बरोबर नाही. पाच आणि सातमधला फरक भरणाऱ्याला जाणवत नाही, तुम्हाला मात्र महिन्याच्या इंधनात जाणवेल. सातने सुरू करा. दोन महिने दर हलवू नका, लोकांना सारखा बदलणारा दर जास्त दरापेक्षाही नको असतो. दोन महिन्यांनी चारही ग्रहांवरचं उत्पन्न इथे टाक, मग बघू एखाद्या ग्रहावर आठ चालतात का.