जुनी मस्टँग, नवी यंत्रणा

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. येथे 1965 सालची, उघड्या टपाची फोर्ड मस्टँग विक्रीस आहे. मालकाने तिला डिस्क ब्रेक आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला आहे. घ्यावी का?

उत्तर : जरूर घ्यावी, परंतु रंगाच्या झळाळीवर भाळून नव्हे. बॉनेट उघडून चालकाच्या बाजूच्या आतील पत्र्यावर ठोकलेला क्रमांक आधी वाचावा; त्यात तिसऱ्या व चौथ्या जागी 08 असेल, तरच ही गाडी कारखान्यातून उघड्या टपाची म्हणून बाहेर पडलेली आहे, 07 असेल तर मूळचे छत कापलेले आहे. छत नसल्यामुळे या गाडीचा बराचसा ताण दारांखालच्या पेटीसारख्या पत्र्यांवर येतो आणि तेच गंजले असतील, तर गाडी जॅकवर चढवताच दार चौकटीत अडकू लागते. ही तपासणी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी. मूळ गाडीत चारही ब्रेकना मिळून तेलाचा एकच मार्ग होता, म्हणजे एका जागी गळती झाली तरी सगळेच ब्रेक निकामी होत; तो मार्ग 1967 च्या मॉडेलपासून दुहेरी झाला. म्हणून डिस्कबरोबर दुहेरी मास्टर सिलिंडरही (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा भाग) बसवला आहे का, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. काढून ठेवलेले मूळ भाग विक्रेत्याकडून अवश्य मागून घ्यावेत.